जिवाणूपासून मज्जापेशीपर्यंत : बोंडअळी, विष आणि आपण

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कापसावरील बोंडअळीच्या बंदोबस्ताविषयी आज मला बोलावयास सांगितले आहे. कोणत्या महिन्यात काय फवारावे याचे तक्ते आपणास दरवर्षी मिळतात. काहींच्या घरात ते भिंतीला चिकटवलेले मी पाहिले आहेत, काहींच्या घरात त्यात शेव बांधून आलेली पाहिली आहे. म्हणून आज तक्ता वाचून दाखवत नाही. त्याऐवजी, आपण शेतात जे वापरतो ते अळीच्या शरीरात नेमके कोठे जाते आणि काय करते, आणि तेच द्रव्य फवारणाऱ्याच्या शरीरात शिरले तर काय करते, एवढेच सांगणार आहे. हा विषय रेणूंचा आणि पेशींचा आहे, तो प्रयोगशाळेतला वाटेल. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते पेशीतच घडले होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय पाठीवर पंप घेऊ नये असे माझे मत आहे.

मी कृषिविद्येचा अध्यापक. कीटकशास्त्र हा माझा विषय नव्हे, हे आधीच कबूल करतो. आमचे कीटकशास्त्रज्ञ सहकारी पहिल्या रांगेत बसले आहेत, चुकलो तर ते हात वर करतील.

अळीच्या पोटातील कुलूप

'बीटी' हे एखाद्या कंपनीचे किंवा वाणाचे नाव आहे असा समज अजूनही भेटतो. ते एका जिवाणूचे नाव आहे. १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिडे एकाएकी माना टाकून मरू लागले होते. इशिवाता या शास्त्रज्ञाने मेलेल्या किड्यांतून एक जिवाणू वेगळा केला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांना पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळीत तसाच जिवाणू सापडला. ती अळी थुरिंगिया प्रांतातील होती, म्हणून १९१५ साली जिवाणूचे नाव ठेवले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याची आद्याक्षरे म्हणजे बीटी. हा जिवाणू मातीत राहतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील तीन ते पाच भाग एवढीच त्याची लांबी.

या जिवाणूची एक सवय आहे. खाणे संपत आले की तो स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू होऊन पडून राहतो. त्याच वेळी शेजारी एक प्रथिनाचा स्फटिक तयार करून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा स्फटिक खडीसाखरेच्या खड्यासारखा दिसतो. हाच स्फटिक अळीला मारतो, हे १९५० च्या दशकात सिद्ध झाले. जिवाणूला त्याचा फायदा उघड आहे. अळी मेली की तिचे शरीर म्हणजे त्याला आयते शेणखत.

आता स्फटिक अळीने खाल्ला म्हणजे काय होते ते पाहा. बोंडअळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असतो, साबणाच्या पाण्यासारखा. त्यात स्फटिक विरघळतो. मग आतड्यातील पाचक विकरे त्या मोठ्या प्रथिनाचे टोक छाटतात आणि उरतो तो खरा विषारी भाग. म्हणजे अळी आपल्याच पाचकरसाने विषाला धार लावून देते. हा भाग आतड्याच्या आतील पेशींवर जाऊन बसतो. पण कोठेही बसत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ठराविक आकाराची काही प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे बीटीचे प्रथिन त्या ग्राहीत बसते. अशी बरीच प्रथिने एकत्र आली की ती पेशीच्या पडद्यात घुसून त्याला आरपार भोक पाडतात. पेशीत पाणी शिरते, ती फुगते, फुटते. आतड्याची भिंत गेली की अळी खाणे थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते.

आपल्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यातील पेशींवर ते कुलूपच नसते. गाई-बैलांच्याही नसते. मधमाशीच्या आतड्यातही बोंडअळीवर चालणारी ही किल्ली फिरत नाही. जो मारायचा त्याच्याच घराचे कुलूप उघडणारी ही किल्ली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशी तुलना करायची आहे.

१९८१ साली या प्रथिनाचे जनुक जिवाणूतून वेगळे काढण्यात आले. जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवावे याची लिहून ठेवलेली कृती. ती कृती कापसाच्या पेशीत उतरवली म्हणजे झाडच ते प्रथिन बनवू लागते. अमेरिकेत असा कापूस १९९६ साली शेतात आला, भारतात त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात क्राय-१-एसी हे एक प्रथिन होते. २००६ साली दोन प्रथिने असलेले, क्राय-१-एसी व क्राय-२-एबी, असे वाण आले. पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीची फवारणी किती कमी झाली हे मी सांगायला नको, ते आपण अनुभवले आहे.

कुलूप बदलले

शेंदरी बोंडअळी ही आपल्याकडची जुनी कीड. १८४३ साली सॉन्डर्स यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले तेच मुळी भडोचकडील कापसावरच्या नमुन्यांवरून. ही अळी बोंडात शिरली की शिरण्याचे भोक बुजून जाते. बाहेरून बोंड ठणठणीत दिसते, आत सरकी पोखरलेली असते. बीटी कापसाने तिलाही काही वर्षे दाबून ठेवले. पण गुजरातमध्ये २००९ च्या हंगामात क्राय-१-एसीला दाद न देणारी शेंदरी अळी सापडली. पुढे दोन प्रथिनांच्या कापसावरही ती जगू लागली, आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने काय केले ते आपण विसरला नसाल.

हे कसे घडले? बियाणे बनावट होते असे अनेकांनी म्हटले, आणि काही ठिकाणी ते होतेही. पण अस्सल बियाण्यावरही अळी जगली, कारण तिच्या पेशीवरील कुलूप बदलले. अशा अळ्यांच्या पेशी तपासल्या तेव्हा कॅडहेरिन नावाच्या ग्राही प्रथिनाच्या जनुकात मोडतोड आढळली. कृतीतील मधलाच एखादा परिच्छेद गळालेला, त्यामुळे कुलूप अर्धवट बनलेले. किल्ली बसत नाही, भोक पडत नाही, अळी खात राहते. दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीतही असेच झाले, फक्त कुलूप वेगळे होते.

अळीने हे ठरवून केले नाही. लाखो अळ्यांत एखाद-दुसरीत असा बिघाड आधीपासून असतो. एरवी त्याचा तिला काही लाभ नसतो. आपण सगळ्या शिवारात एकच विष भरून ठेवतो तेव्हा बाकीच्या मरतात आणि तेवढीच एक उरते.

येथे एक बारकावा आहे आणि तो फार कामाचा आहे. प्रत्येक अळीला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हीपैकी एक प्रत जरी चांगली असली तरी पेशीवर चालू कुलूप तयार होते आणि अळी बीटी खाऊन मरते. जगण्यासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. आता समजा शेताच्या कडेला बिगर-बीटी कापसाच्या ओळी आहेत. त्यांवर साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग होतात. बीटीवर वाचलेला एखादा पतंग या साध्या पतंगाशी जोडी करतो. पिल्लांना एक प्रत बिघडलेली, एक चांगली. ती पिल्ले बीटीवर मरतात. बिघाड तेथेच संपतो. कडेची ती पाच ओळींची पेरणी, ती १२० ग्रॅमची वेगळी पुडी, यासाठी होती. अळीला चारा घालून तिची सोयरीक योग्य घरी लावून देण्यासाठी.

ती पुडी आपण बहुतेकांनी पेरली नाही. कोणी बांधावर फेकली, कोणी जनावरापुढे टाकली. मी येथे आपणास दोष द्यायला उभा नाही. एकरभर जमीन असलेल्याला पाच ओळी अळीला सोडा म्हणणे सोपे नसते, आणि का सोडायच्या हे आम्हीच नीट सांगितले नाही. 'नियम आहे म्हणून पेरा' एवढेच सांगितले. आता त्याऐवजी ४७५ ग्रॅमच्या पाकिटातच पाच ते दहा टक्के बिगर-बीटी बी मिसळलेले येते, त्यामुळे शेतात एखादे झाड अळीने खाल्लेले दिसले म्हणजे लगेच बियाणे खोटे समजू नये.

आपल्याकडे अडचण आणखी एका कारणाने वाढली. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो असे कितीतरी खाते, म्हणून साधे पतंग तिला आपोआप मिळत राहतात. शेंदरी अळीला जवळजवळ कापूसच लागतो. शिवाय आपण लावतो ते संकरित वाण. संकरित झाडाच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असते, तिच्यात गुण वेगळे होतात. एका जनुकाचा हिशेब धरला तर चार सरक्यांत एक बिनविषाची निघते. बोंडात बसलेल्या अळीला विषाच्या आणि बिनविषाच्या सरक्या एकाच ताटात वाढल्यासारखे झाले. त्यात भर फरदडीची. पाणी आहे म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली, की झाडातील विष उतरत गेलेले आणि अळीच्या पिढ्या मात्र चालू.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हीच अळी, हाच जिवाणू. तेथे शेतकऱ्यांनी बिगर-बीटी क्षेत्र नेमाने ठेवले, नंतर वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कापूस पिकवणाऱ्या भागातून शेंदरी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. तेथील शेते मोठी, शेतकरी थोडे, संकरित वाणही नाहीत, हे सगळे खरे. तरी पेशीतील नियम तेथेही तोच होता.

फटीतला निरोप

जिवाणूची किल्ली चालेना तेव्हा आपण पुन्हा जुन्या फवारणीकडे वळलो. आता अळीच्या पोटातून तिच्या मज्जापेशीकडे जाऊ.

शरीरातील निरोप मज्जापेशींतून धावतात. पायाला काटा लागला, पाय मागे घेतला, यात अशा पेशींची साखळी कामाला लागते. पण एक मज्जापेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते. केसाच्या जाडीचे सुमारे तीन हजार भाग केले तर त्यातील एक भाग एवढी ती अरुंद. निरोप ही फट ओलांडतो कसा, यावर शास्त्रज्ञांचे बरेच वाद झाले. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची मज्जा उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले. दुसऱ्या हृदयाचे ठोकेही मंद झाले. म्हणजे मज्जेतून काहीतरी द्रव्य त्या पाण्यात उतरले होते. या प्रयोगाची कल्पना लोवींना झोपेत सुचली. रात्री उठून कागदावर खरडली ती सकाळी वाचता येईना, पुढच्या रात्री पुन्हा सुचली तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. १९३६ साली हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन.

आता ओलिताचे उदाहरण घ्या. पाटाचे दार फोडले, पाणी सरीत गेले. सरी भरली की दारे धरणाऱ्या गड्याने माती टाकून दार बुजवले पाहिजे. नाही बुजवले तर पाणी वाहतच राहील आणि वाफा वाहून जाईल. मज्जापेशींच्या फटीत असा एक गडी असतो. त्याचे नाव ॲसिटिलकोलीनएस्टरेझ. हे एक विकर आहे. निरोप पोचला की ते ॲसिटिलकोलीनचे तुकडे करते, एक रेणू सेकंदाला हजारो तुकडे पाडतो, आणि पेशी पुढच्या निरोपासाठी मोकळी होते.

सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके या गड्याचे हात बांधतात. विकराच्या ज्या जागी ॲसिटिलकोलीन तुटायचे त्याच जागी ती जाऊन घट्ट बसतात. मग फटीत निरोप साचत राहतो. स्नायू फडफडतात, ग्रंथी पाझरत राहतात, शेवटी स्नायू थकून पडतात आणि श्वास थांबतो. अळी अशीच मरते. या वर्गाचा शोध १९३० च्या दशकात जर्मनीत श्राडर यांनी कीटकनाशक शोधताना लावला आणि त्यातूनच युद्धातील विषारी वायूही निघाले. अळीचे हे विकर आणि आपले विकर यांत फार फरक नाही. अळी, बैल, माणूस, सर्वांच्या फटीत हाच गडी काम करतो. बीटीची किल्ली एकाच घराची होती. ही सगळ्या घरांना लागते.

येथे घरची गोष्ट सांगतो. मी दहावीत होतो. माझे काका सलग चौथ्या दिवशी फवारणीला गेले होते. पऱ्हाटी छातीएवढी, पंपाची तोटी गळकी, पाठ ओली. दुपारी घरी आले ते डोळे चोळत, 'अंधारून येते' म्हणत. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा, दंडाची कातडी आतून उडत होती. आजीने ऊन लागले म्हणून कांदा फोडून नाकाला लावला, दूध पाजले. माझ्या वडिलांना शंका आली आणि ट्रॅक्टरवर घालून आम्ही दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'डबा आणला का?' आम्ही आणला नव्हता. कोणते विष हे कोणालाच सांगता येईना. वडील परत शेतात गेले. त्या डॉक्टरांनी बाहुल्या आणि लाळ पाहून डब्याची वाट न पाहता ॲट्रोपीन सुरू केले म्हणून काका वाचले. पुढे कितीतरी दिवस त्यांना चालताना पाय ओढावा लागत होता.

त्या 'सलग चौथ्या दिवशी' या शब्दांचा अर्थ मला पुढे पदव्युत्तर शिक्षण घेताना कळला. बांधले गेलेले विकर औषधाशिवाय सहसा सुटत नाही, शरीराला नवे बनवावे लागते. रक्ताच्या तांबड्या पेशींतील हे विकर दिवसाला साधारण एक टक्का या गतीने भरून येते. पहिल्या दिवशी थोडे गेले, माणसाला काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्यातून आणखी गेले. तिसऱ्या दिवशीही 'मला काही होत नाही, सवय आहे' म्हणत तो पंप उचलतो. सवय झालेली नसते, शिल्लक संपत आलेली असते. चौथ्या दिवशी तेवढेच विष, कदाचित कमीच, अंगावर पडते आणि माणूस कोसळतो. जो रोजंदार पंधरा दिवस पंधरा शेतांत फवारतो त्याचा हा हिशेब कोणताच शेतमालक ठेवत नाही, कारण प्रत्येकाच्या शेतात तो एकच दिवस आलेला असतो. फवारणीचे काम आलटून पालटून द्यावे, एकाच माणसाने सलग दिवस करू नये, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर अशा विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यावेळी पऱ्हाटी डोक्याला लागेल एवढी दाट वाढली होती, फवारणाऱ्याला फवाऱ्यातूनच चालावे लागत होते आणि एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती. हे विष तोंडावाटेच जाते असे नाही. कातडीतून जाते, आणि घामेजलेल्या, तापलेल्या कातडीतून जास्त जाते. तोंडाला रुमाल बांधला आणि पाठ भिजली तर रुमालाचा उपयोग किती?

मिसळण्याविषयी थोडे अधिक. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये दुसऱ्या ठिकाणी काम करतात. मज्जातंतूवर सोडियमची दारे असतात, ती उघडमीट करतात म्हणून निरोप पुढे सरकतो. ही द्रव्ये ते दार उघडेच अडकवून ठेवतात. फवारताना गालावर चुणचुण होते, मुंग्या येतात, ती आपल्या कातडीतील मज्जातंतूंची दारे अडकल्याची खूण. एरवी ही द्रव्ये आपले शरीर काही विकरांच्या मदतीने तोडून टाकते. पण सोबत सेंद्रिय फॉस्फरस असेल तर ती विकरेही बांधली जातात. म्हणजे दोन औषधे मिसळली की अळीवर जोर वाढतो तसा आपल्यावरही वाढतो.

दुकानात नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे समजू नका. मोठ्या अक्षरांतील नाव कंपनीचे, बारीक अक्षरांतील नाव द्रव्याचे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही सगळी एकाच वर्गातील, एकाच गड्याचे हात बांधणारी. आज एक, उद्या दुसरे फवारले तरी अळीला तोच मार आणि आपल्यालाही तोच. लेबलवरील त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्याचा अर्थ पिण्यासारखे असा नाही. आपण या सर्वांना 'औषध' म्हणतो, मीही आता बोलताना म्हणालो. जीभ वळलेली आहे, काय करणार.

बाधा झाल्यास

लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक बाहुल्या, उलटी, हगवण, स्नायूंची फडफड, धाप. यातील दोन-तीन खुणा दिसल्या की ऊन लागले, पित्त झाले असे म्हणू नये. माणसाला शेताबाहेर न्यावे, भिजलेले सर्व कपडे काढावेत, साबण व भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. धुणाऱ्याने आपल्या हाताला ते लागू देऊ नये. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवावे, तोंडातून काहीही देऊ नये, उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा आणि डबा किंवा लेबल सोबत द्यावे.

डॉक्टर ॲट्रोपीन देतात ते ग्राहीवर जाऊन बसते आणि साचलेल्या निरोपाला पेशीपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे लाळ व छातीतला ओलावा थांबतो. दुसरे एक औषध, ज्याला दवाखान्यात पॅम म्हणतात, ते बांधलेल्या विकराची गाठ सोडवू शकते. पण ही गाठ काही तासांनी, काही द्रव्यांच्या बाबतीत काही दिवसांनी, अशी पक्की होते की मग सुटत नाही. उशीर नको, तो या गाठीमुळे. आपल्या धोतऱ्यातही ॲट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात हे खरे. मागच्या एका मेळाव्यात एका आजोबांनी मला ते विचारले होते. पण कोणीही धोतरा उगाळून देऊ नये. त्यात किती द्रव्य आहे याला माप नाही, आणि तेही विषच आहे.

पुन्हा मातीतला जिवाणू

इमामेक्टिन बेंझोएट आपण बोंडअळीसाठी वापरता. त्याचा उगमही एका जिवाणूत आहे. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी १९७० च्या दशकात इतो गावाजवळच्या मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू मिळवला. त्यातून निघालेल्या द्रव्यांवर पुढे अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी काम केले आणि २०१५ साली दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जनावरांच्या गोचिडांवर व जंतांवर आपण देतो ते आयव्हरमेक्टिन याच घराण्यातले. ही द्रव्ये किडीच्या मज्जापेशीवरील क्लोराइडचे एक दार उघडे ठेवतात, त्यामुळे पेशी गप्प होते आणि अळी लुळी पडून खाणे सोडते. नेमके ते दार सस्तन प्राण्यांत नसते. म्हणून प्रमाणात वापरल्यास ही द्रव्ये माणसाला त्यामानाने कमी घातक. तरी ती जास्त गेली तर आपल्या मेंदूतील मिळत्याजुळत्या दारांवर परिणाम करतातच, तेव्हा हातमोजे येथेही हवेत.

पण बोंडात बंद झालेल्या अळीवर कोणताच फवारा पोचत नाही. फवारणी परिणामकारक ठरते ती अळी बोंडात शिरण्यापूर्वी. तेव्हा तो क्षण पकडण्यासाठी कामगंध सापळे हेक्टरी पाच लावावेत. त्यात सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आले तर अळी येऊ घातली आहे. डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या पीळ बसून मिटलेली फुले, तोडून अळीसह नष्ट कराव्यात. हे काम सकाळी मुलेही करू शकतात, त्यात विष नाही. डिसेंबर-जानेवारीत पीक संपवावे, पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत. शेवटच्या पिढीतील अळी दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्या आत झोपून जाते आणि पुढच्या हंगामाची वाट पाहते.

हिरवी बोंडे धरू लागली की दर आठवड्याला एकरातून वीस बोंडे कोठूनही, आडवीतिडवी फिरून, तोडून आणावीत. बांधालगतची सोयीची बोंडे नकोत. घरी पाटावर घेऊन विळीने एकेक चिरावे. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत शेंदरी अळी किंवा पोखरलेली सरकी दिसली तर शिफारस केलेली फवारणी करण्याची वेळ आली. एकच निघाली तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबता येते, आणि त्या आठवड्यात पंप खुंटीलाच राहतो. वहीत तारीख, बोंडे किती, अळ्या किती, आणि फवारणी झाली असल्यास ती कोणी केली त्याचे नाव लिहावे. त्या माणसाला त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या शेतात फवारणीला जायचे आहे काय, तेही विचारून घ्यावे.